पर्शियन की सियामीज? पाथर्डी फाट्यावरच्या एका घराचं प्रकरण

मार्चचा शेवटचा आठवडा. नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलं होतं, तेवढ्यात आई, वडील आणि आठवीतली मुलगी अशी तिघं बुटांचं खोकं घेऊन आत आली. खोक्यात पर्शियन मांजरीचं पिल्लू होतं. पांढरं, डोळे पाणावलेले. ते अजून त्यांचं झालेलं नव्हतं. विकणाऱ्याला टोकन देऊन आणि ‘डॉक्टरांना दाखवून सांगतो’ म्हणून त्यांनी ते दोन तासांसाठी मागून आणलं होतं. हे शहाणपण आईचं. बहुतेक लोक पिल्लू घरी नेतात, नाव ठेवतात, चार दिवस कुशीत झोपवतात आणि मग माझ्याकडे येतात. तोवर नाही म्हणायची वेळ निघून गेलेली असते.

विकणाऱ्याने वय दोन महिने सांगितलं होतं. मी तोंड उघडून पाहिलं तर दाढा नुकत्या हिरडीतून वर येत होत्या. वजन साडेपाचशे ग्रॅम. माझ्या मते पिल्लू फार तर दीड महिन्याचं होतं. आईपासून तोडायचं हे वय नव्हे. किमान 8 आठवडे व्हायला हवेत, 12 झाले तर उत्तम. त्या वाढीव दिवसांत पिल्लू चावण्याची मर्यादा शिकतं, आईकडे बघून माणसांची भीती सोडतं. ते नंतर आपल्याला शिकवता येत नाही. उजव्या कानाच्या कडेला रुपयाएवढी जागा केस जाऊन खवलेदार झाली होती. दिवे बंद करून वुड्स लॅम्प, म्हणजे बुरशी तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा, धरला तर केसांची मुळं हिरवी चमकली. गजकर्ण. मुलीने येताना सगळ्या वाटेने त्याला गळ्याशी धरलं होतं. तिला आधी बेसिनकडे पाठवलं आणि घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायला सांगितलं.

पिल्लू परत गेलं, सोबत औषधाची चिठ्ठी दिली. मुलगी रडली. ‘आपण घेतलं नाही तर त्याचं काय होणार?’ या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं आणि मी खोटं दिलं नाही. एवढंच सांगितलं, की घरात मधुमेह असलेली आजी आहे, तिला हे गजकर्ण झालं तर महिनोन्‌महिने हटणार नाही. दीड महिन्याचं पिल्लू हातोहात खपतं म्हटल्यावर पुढच्या वेळीही ते दीड महिन्याचंच बाजारात येतं.

खरं प्रकरण त्यानंतर सुरू झालं. आई म्हणाली, “डॉक्टर, मला मुळात सियामीज हवी होती. केस कमी, कटकट कमी. हिला पर्शियन हवी. आता तुम्हीच सांगा काय ते.”

मी सांगितलं नाही. एक कोरा कागद दिला आणि घरात कोण, किती वाजता, कुठल्या खोलीत असतं ते लिहून आणायला सांगितलं.

घर

कागद आला तो असा. पाथर्डी फाटा, चौथा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉल आणि बाल्कनी पश्चिमेला. वडील अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलते. तिसरी शिफ्ट असली की सकाळी आठला घरी येऊन दुपारी तीनपर्यंत झोपणार. आई सकाळच्या सत्रातल्या शाळेत शिक्षिका. मुलीची शाळा, मग क्लास. आजी बहात्तर वर्षांच्या, दिवसभर घरी. गुडघे दुखतात, बोटं आखडतात, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने अर्धंमुर्धं. कानातलं यंत्र कपाटात पडून असतं. गळ्यात माळ आहे, त्यामुळे घरात मांस-मासळी शिजत नाही.

या कागदावरून कोणीही पर्शियन म्हणेल. आजी घरी, वडील दिवसा झोपणारे, म्हणून शांत मांजर हवं. पर्शियन एका जागी बसते, हळू म्याव करते, पडद्यावर चढत नाही. सियामीज बोलते, मागे मागे फिरते, कपाटाच्या माथ्यावर जाते. मीही कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ‘तिसरी शिफ्ट. सियामीज नको.’ ते पुढे मला खोडावं लागलं.

केसांचा हिशेब

पुढच्या शनिवारी गंगापूर रोडवरून एक पर्शियन बोका केस काढायला येणार होता. त्याच्या मालकांना विचारून मी या कुटुंबाला बोलावलं. आजीही रिक्षाने आल्या.

बोका वरून देखणा होता. पाठीवर हात फिरवला तर मऊ लोकर. मी त्याचा पुढचा पाय उचलून काख दाखवली. तिथे केसांची एक घट्ट, नमद्यासारखी वडी झाली होती, सुपारीपेक्षा मोठी. चालताना दर पावलाला ती कातडी ओढत होती. आईच्या हातात मी स्टीलचा कंगवा दिला. कंगवा अर्धा बोट आत गेला आणि थांबला. तिने जरा जोर लावला तसा बोका गुरगुरला. मशिनने वडी कापून काढली तेव्हा खालची कातडी ओली आणि लालभडक निघाली, वास येत होता. आईने कंगवा टेबलावर ठेवला आणि मुलीकडे बघितलं. दोघी काही बोलल्या नाहीत.

बोक्याचे मालक निष्काळजी नव्हते. ते रोज विंचरत, पण फक्त वरून. पर्शियनचा आतला मऊ थर मुळापासून विंचरावा लागतो: काखा, मांड्यांच्या आत, कानामागे, पोटाखाली. रोज पंधरा-वीस मिनिटं, शिवाय कापसाने डोळे पुसणं. दोन दिवस सुटले की गाठी बसायला लागतात. विकणारे ‘ट्रिपल कोट’ म्हणून भाव वाढवतात. तो शब्द बाजाराचा आहे, पण त्याचा अर्थ घरात एवढाच होतो की विंचरणं तिप्पट.

आता कागद पुन्हा पाहा. ही वीस मिनिटं कोणाची? आजीची बोटं कंगवा धरत नाहीत. वडिलांची झोपच शिफ्टप्रमाणे सरकते. मुलगी म्हणाली, “मी करेन.” ती खरंच करणार होती याबद्दल मला शंका नाही, पण दोन वर्षांनी ती दहावीत असेल आणि मांजर तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं. पर्शियन बारा-पंधरा वर्षं सहज जगते. उरली आई, जी पावणेसातला घर सोडते. विंचरण्याचं काम न बोलता तिच्याच गळ्यात पडणार होतं, आणि ते त्या दिवशी सर्वांसमोर बोललं गेलं हे बरं झालं.

दुसरी गोष्ट पश्चिमेच्या हॉलची. नाशिकची हवा थंड ही जुनी ख्याती आहे, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते. एसी एकाच बेडरूममध्ये, जिथे वडील झोपतात. मांजराला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, बाकी थंडावा ते अंग चाटून मिळवतं. चपट्या नाकाच्या मांजराची श्वासाची वाट आधीच अरुंद, त्यावर लोकरीचा कोट. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती धावपळ करायची वेळ असते, आणि उन्हाळ्यात अशी धाप लागून माझ्याकडे येतात त्यांत पर्शियन जास्त.

हे नाक पर्शियनचं मूळचं नाही, हे मी मुलीला आवर्जून सांगितलं. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्या काळच्या पर्शियनची चित्रं पाहिली तर तिला नीट, दिसण्याजोगं नाक आहे. चेहरा इतका चपटा झाला तो विसाव्या शतकातल्या पैदाशीत. म्हणून पर्शियन घ्यायचीच असेल तर मी चपट्या ‘पंच फेस’ऐवजी नाक असलेली ‘डॉल फेस’ घ्या म्हणतो. आणि आई-बापाची पीकेडीची डीएनए चाचणी झाली आहे का ते विचारा म्हणतो. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. दोषी जनुक आई किंवा बाप एकाकडून जरी आलं तरी पिल्लाला आजार होतो. हा जनुकदोष 2004 मध्ये सापडला. त्याआधी वेगवेगळ्या देशांत पर्शियन तपासल्या तेव्हा दर तीनांत एकीहून जास्त मांजरींना हा आजार निघाला होता. गालाच्या आतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावर ही चाचणी होते. या कुटुंबाने दोन विकणाऱ्यांना फोनवर विचारलं. एकाला हा शब्दच माहीत नव्हता, दुसऱ्याने फोन ठेवला.

आवाज

म्हणजे पर्शियन बाद झाली. पण म्हणून सियामीज आपोआप पास होत नव्हती.

सियामीजचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळत नाही. खर्जातला, घोगरा, तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या जवळ जाणारा. ताटली रिकामी झाली तर बोलते, दार बंद असलं तर बोलते, काही नसलं तरी बोलते. ती थायलंडची, म्हणजे जुन्या सियामची. 1884 मध्ये बँकॉकमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिची एक जोडी इंग्लंडला बहिणीसाठी नेली आणि तिथून ती जगभर गेली. सोबत हवीच असणारं हे मांजर आहे. दिवसभर कुलूप लागणाऱ्या घरात मी सियामीज कधीच सुचवत नाही. ती कुढते, पोटावरचे केस चाटून चाटून काढते. या घरात आजी होत्या, ती बाजू भक्कम होती. पण तिसऱ्या शिफ्टवरून येऊन सकाळी नऊला झोपलेला माणूस आणि दाराबाहेर ओरडणारी सियामीज, हे मला जमणारं वाटत नव्हतं.

योगायोगाने इंदिरानगरमधलं एक कुटुंब परदेशी चाललं होतं. त्यांची तीन वर्षांची सियामीज माझ्याकडेच येत नव्हती, पण माझ्या एका सहकाऱ्याकरवी तिच्यासाठी घर शोधत असल्याचा निरोप आला. मी म्हटलं, घ्यायची नसली तरी बघून या. दोन तास बसा. आवाज ऐका.

गेले चौघंही. मांजर सोफ्याखालून निघाली, सगळ्यांना हुंगलं, आजीच्या पायाशी जाऊन उभी राहिली आणि आपल्या त्या आवाजात बोलली. आजींनी खाली बघितलं. मग म्हणाल्या, “ही बोलली का आत्ता? मला ऐकू आलं!”

मला हे दुसऱ्या दिवशी आईने फोनवर सांगितलं, आणि मी पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ खोडली. मी वडिलांची झोप मोजली होती, आजीचा कान मोजला नव्हता. ज्यांना नीट ऐकू येत नाही आणि एका डोळ्याने अंधुक दिसतं अशा बाईच्या पायात गप्प, सावकाश, फरशीवर पसरून झोपणारं मांजर येणं म्हणजे खुब्याच्या हाडाला निमंत्रण. आजी स्वतःच पुढे म्हणाल्या, “बोलती म्हणून कळतं कुठं आहे ते. मुकी असती तर मी तिच्यावर पाय दिला असता नाहीतर पडले असते.” शांत मांजर वयस्कर माणसांना बरं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. आता आधी विचारतो, ऐकू किती येतं?

बाकीचे प्रश्न

वडिलांना धुळीने शिंका येतात. कमी केसांच्या मांजराने ॲलर्जी होत नाही असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तसं नाही. ॲलर्जी होते ती फेल डी 1 नावाच्या प्रथिनाने, आणि ते लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत असतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, कण उडतात. खच्ची न केलेल्या बोक्यात ते सर्वांत जास्त, म्हणून ऑपरेशन झालेली मादी त्यातल्या त्यात बरी. इंदिरानगरला दोन वेळा जाऊन वडील शिंकले नाहीत, एवढ्यावर आम्ही पुढे गेलो.

माळेचा प्रश्न मला अवघड वाटला होता, आजींनी तो दोन वाक्यांत सोडवला. मांजराला दूध-पोळीवर ठेवता येत नाही हे मी समजावत होतो. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल तिला मांसातूनच मिळतं, ते नसेल तर हृदय आणि डोळे जातात. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. आजी म्हणाल्या, “तिचा धर्म तिला, माझा मला. पण ताटली स्वयंपाकघरात नको.” ड्राय फूडचा डबा बाल्कनीच्या कपाटात गेला, ताटलीही तिकडेच.

देशी मांजराचा पर्याय मी याही घरापुढे ठेवला. पावसाळ्याच्या तोंडावर घर शोधणारी चार-पाच पिल्लं माझ्या ओळखीत नेहमीच असतात. मनापासून सांगतो, नाशिकच्या हवेला आणि खिशाला देशीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण दोन महिन्यांचं पिल्लू आजीच्या पायात घोटाळणार, हा तोच मुद्दा इथेही आडवा आला. मोठं, माणसाळलेलं देशी तेव्हा हाताशी नव्हतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला सियामीज पाथर्डी फाट्यावर आली. त्याआधी बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाळी बसली. ही अट मी घातली होती. चौथ्या मजल्यावरून कबुतरामागे उडी मारलेली मांजरं मी टाके घालून घालून पाहिली आहेत, आणि सियामीज ही चढणारी जात आहे.

तपासताना तिच्या डाव्या कुशीवर तळहाताएवढा गडद चौकोन दिसला. मुलगी घाबरली, भाजलं की काय. उलट ती चांगली खूण होती. सियामीजचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो. रंग बनवणारं तिचं एन्झाइम गार जागीच नीट चालतं, म्हणून कान, नाक, पाय, शेपूट काळपट आणि ऊबदार धड फिकं. ऑपरेशनसाठी कुशीवरचे केस काढले की ती जागा गार पडते आणि नवे केस गडद उगवतात. जुन्या मालकांनी ‘जानेवारीत ऑपरेशन केलं’ म्हणून सांगितलं होतं, त्याला हा चौकोन दुजोराच होता. आजींनी तिच्या तोंडाकडे बघून नाव ठेवलं, काजळी.

पहिले तीन आठवडे

पहिले तीन आठवडे वाईट गेले. पहाटे अडीचला काजळी हॉलभर ओरडत फिरे. घर बदललेलं, माणसं बदललेली. आठवडा तिसऱ्या शिफ्टचा लागला तेव्हा वडील सलग चार दिवस नीट झोपले नाहीत आणि पाचव्या दिवशी मला फोन आला. आवाजात राग होता, तो रास्त होता.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. दिवसाचं खाणं चार वेळांत वाटलं आणि शेवटची ताटली रात्री अकराला, त्याआधी मुलीने दहा-पंधरा मिनिटं काठीला पीस बांधून तिला दमेपर्यंत खेळवायचं. सकाळी वडील झोपायला गेले की काजळी आजींच्या खोलीत, दार लोटलेलं, आणि आजींनी तिच्याशी बोलत राहायचं. आणि ओरडली म्हणून रात्री उठून कोणी जवळ जायचं नाही. हे शेवटचं आजींना फार जड गेलं. बावीस-तेवीस दिवसांनी रात्री शांत झाल्या. पूर्ण नाही, आठवड्यातून एखाद्या पहाटे अजून गाते.

दुसरी अडचण माझ्या कागदावर नव्हतीच. भांडी-धुणं करायला येणाऱ्या ताईंना मांजराची भीती. लहानपणी चावलेलं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दारातूनच परत गेल्या. आजींना त्यांच्याशिवाय चालणं शक्य नव्हतं. आईने माफी मागितली आणि वेळ ठरवून दिली: ताई येणार त्या तासात काजळी आतल्या खोलीत, कडी लावून. आता मी घरातल्या माणसांच्या यादीत कामाला येणाऱ्यांनाही धरायला सांगतो.

लोकर चोखायची सवय सियामीजमध्ये असते. काजळीने आजींच्या विणकामाच्या पिशवीतून धागा ओढून चावला आणि दीडेक वीत गिळला. नशीब, तो आपोआप बाहेर आला. शेपटाखाली धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, हे मी तिथेच फोनवर ओरडून सांगितलं. दुसरं टोक आत अडकलेलं असलं तर आतडं कापलं जातं. संक्रांतीच्या सुमारास मांजाच्या तुकड्याने हेच होतं. लोकरीची पिशवी आता कपाटात असते, आणि गुडघ्यांसाठीच्या आजींच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्याही. मांजराला ती अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

आठ महिन्यांनी

जानेवारीत लसीसाठी आली तेव्हा सगळे आले होते. थंडीने तिची पाठ गडद झाली होती आणि कुशीवरचा चौकोन केस गळून त्यातच मिसळून गेला होता. वडिलांच्या शिंका वाढलेल्या नाहीत, बेडरूममध्ये तिला प्रवेश नाही एवढं पाळलं जातं. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कानातलं यंत्र अजून कपाटातच आहे. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “नोकरी लागली ना की मी पर्शियन घेणार.” मी म्हटलं, घे, पण आधी वीस मिनिटांचा हिशेब दाखव.

मग काजळीला काट्यावर ठेवलं. मेमध्ये तीन किलो चारशे होती, आता चार किलो शंभर. बरगड्या हाताला लागेनात. ताटल्या चारच आहेत असं आईने शपथेवर सांगितलं. आजी खिडकीकडे बघत होत्या. मी दिवसभराचं ड्राय फूड मोजून देणारा एक छोटा कप दिला, तो आजींच्याच हातात दिला, आणि महिन्याने वजनाला बोलावलं.